भिंत वाजली तर

४ तारीख, सोमवार

हॉटेलच्या चादरी आज दोनदा धुतल्या. पहिल्या धुण्यात काही खोट नव्हती. नीळ बेताची, खळ बेताची. वाळत घातल्या आणि वरून राखेचे कण पडले. पांढऱ्या चादरीवर राख म्हणजे गिऱ्हाइकाला शिवी. मान वर केली तर मधल्या खोलीच्या झरोक्यातून धूर निघतोय, बारीक, लाजत लाजत. म्हणजे भिंतीपलीकडच्या लाँड्रीवाल्या जाडीच्या घरच्यांनी बंद खोलीत काहीतरी पेटवायला घेतलंय. खोली अर्धी त्यांची, अर्धी आमची. धूर मात्र सगळा आमच्या वाट्याला.

आता नमस्कार. नात म्हणते, वहीला आधी नमस्कार लिहायचा, मग दिवसाची हकिकत. मी म्हटलं, डोक्यावर राख पडल्यावर आधी नमस्कार कोण करतं? ती हसली. ही वही तिनंच आणून दिली. मी शाळेत गेले न गेले, तोच मला भावंडं सांभाळायला घरी बसवलं. अक्षरं गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरच्या खुणा वाचून शिकले. नात म्हणते, "आजी, तू बोलतेस तेवढं लिहिलंस तरी ग्रंथ होईल." मी तिला टकळी म्हणते. सकाळी तोंड उघडतं ते झोपेतच मिटतं.

थंडी फार. कपडे वाळत नाहीत, आंबतात.

६ तारीख, बुधवार

नमस्कार. आज आधी लिहिला.

इस्त्र्या तापायच्या होत्या तेवढ्यात टकळी जवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, तो लाल मोजा नक्की कुणाचा होता गं?"

या घरात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तरी सांगितलं. तेव्हा आमची आणि जाडीची लाँड्री एकच होती. आमच्या ह्यांनी आणि तिच्या नवऱ्यानं मिळून काढलेली. पुढच्या बाजूला आम्ही धुवायचो, मागच्या बाजूला ते, आणि मध्ये कपडे वाळवायची गरम खोली, तिला दोन दारं, एक इकडे, एक तिकडे. एकदा मोठ्या हॉटेलचा सगळा माल धुतला आणि चादरी गुलाबी निघाल्या. पाण्यात कुणाचा तरी लाल मोजा राहिला होता. आम्ही म्हटलं त्यांनी टाकला, ते म्हणाले आम्ही. मोजा एक आणि धनी कुणीच नाही. हॉटेल गेलं, मग बोलणं गेलं, मग अंगणात भिंत उभी राहिली. दोघे पुरुष तोंडं फिरवूनच वर गेले. मधल्या खोलीवर दोघांचा हक्क, म्हणून ती कुणीच वापरली नाही. आमच्या दाराला बाहेरून आमची कडी, त्यांच्या दाराला बाहेरून त्यांचं कुलूप. तिकडचा झरोका त्यांनी विटा लावून बुजवला, आमची वाफ नको म्हणून. मी शपथ घेतली, या खोलीत पाऊल ठेवणार नाही. ठेवलेलं नाही.

"म्हणजे एका मोज्यासाठी?" टकळी म्हणाली.

"मोज्यासाठी नाही. खोटं बोलल्यासाठी."

"पण खोटं कोण बोललं ते तरी कळलं का?"

मी म्हटलं, ऊठ, कॉलरींना खळ लाव.

९ तारीख, शनिवार

पुन्हा राख. मुलाला शिडीवर चढवला आणि झरोक्याला आमच्या बाजूनं फळी ठोकून घेतली. फटींत चिंध्या कोंबल्या, बोटानं दाबून दाबून. तो म्हणाला, "आई, एकदा दार उघडून बघू तरी काय पेटवतात ते." मी म्हटलं, आपण दार उघडलं की ते ओरडणार, आत घुसले म्हणून. जिथे जायचं नाही तिथे बघायचंही नाही. आता त्यांचा धूर त्यांनाच लखलाभ.

टकळी जेवली नाही नीट. म्हणाली, फळी कशाला? मी म्हटलं, तुला काय पुळका?

१३ तारीख, बुधवार

निखारे कमी पडतात. सकाळी शेगडी भरून निखारे केले तर दुपारपर्यंत अर्धे गायब. आमच्याकडे अजून कोळशाच्या इस्त्र्या आहेत, विजेच्या इस्त्रीला वजन नाही, ती कपड्यावरून नुसती फिरायला जाते. सुनेला म्हटलं, कोळसा खातेस का? ती बिचारी काही बोलली नाही. बोलत नाहीच ती. माझ्या मुलानं बायको शांत आणली, बहुतेक माझ्यावर उतारा म्हणून.

टकळीच्या ओढणीला काजळी लागली होती. हल्ली कामात मन आहे पोरीचं.

संध्याकाळी पाठ चेपत बसली आणि विचारलं, "आजी, पूर्वी तुम्ही भिंत कशी वाजवायचात?"

बघा, सून विचारत नाही, मुलगा विचारत नाही, हिला सगळं हवं. सांगितलं. मधल्या खोलीची दारं जाड, आतून ब्लँकेटं ठोकलेली, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. आतल्याचा आवाज बाहेर येत नाही आणि कडी बाहेरून. मग मी आणि जाडीनं रीत घातली. मागची भिंत तिन्ही खोल्यांतून सलग जाते, एका टोकाला मारलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. आत कुणी अडकलं तर दोन थापा, थांबायचं, पुन्हा दोन. ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातातलं टाकून दोन थापा परत द्यायच्या, म्हणजे ऐकलं, येते. आणि कडी लावणाऱ्यानं लावण्याआधी दोन थापा मारून वाट बघायची, आत कुणी नाही ना.

"मग बंद का केलं?"

"भांडणानंतर दोन्हीकडून नुसतं बडवणं सुरू झालं. मी कपडे मोजायला बसले की जाडी भिंत वाजवायची, तिनं डोळा मिटला की मी. शेवटी मी घरात सांगून टाकलं, भिंत वाजली तर कुणी उत्तर द्यायचं नाही. मेलं वाजून वाजून थकेल."

"तिकडेही असंच सांगितलंय," टकळी म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"असणारच ना. तुम्ही दोघी सारख्याच."

मग थोडं थांबून म्हणाली, "आजी, त्यांच्यातलं कुणी आपल्या घरी आलं, चांगल्या मनानं, तर तू काय करशील?"

"तंगडी मोडीन."

"आणि आपल्यातलं कुणी तिकडे गेलं तर?"

"तर ते आपल्यातलं नाही."

तिनं पाठ चेपणं थांबवलं. मी म्हटलं, डाव्या खांद्याकडे राहिलंय. चेपलं तिनं. पोरगी गुणी आहे.

१४ तारीख, गुरुवार

सकाळी अंगणाच्या भिंतीवरून जाडीशी जुंपली. तिनं फळी पाहिली. स्टुलावर चढली होती, बिचारं स्टूल. म्हणाली, "झरोक्यात अर्धा वाटा आमचा! कुणाला विचारून फळी ठोकलीस?" मी म्हटलं, "तुमच्या विटांना कुणाला विचारलं होतं?" ती म्हणाली, "तुझी जीभ तेवढी इस्त्रीखाली धर एकदा." मी म्हटलं, "तू स्टुलावरून उतर आधी, त्याचा काय गुन्हा?" टोपल्या घेऊन जाणारी माणसं रस्त्यात उभी राहिली. त्यांचा नातू, तो ताडमाड पोरगा, सगळे लांब्या म्हणतात, तो आजीला खाली उतरवत होता आणि आमच्या अंगणात बघत होता. मी त्याला म्हटलं, डोळे आवर. त्यानं मला चक्क नमस्कार केला. निर्लज्ज.

दुपारी जेवणं झाली. कोळशाकडे गेले तर मधल्या खोलीची कडी उघडी. सून विसराळू आहे, झाडताना झाडूचा दांडा लागला असणार. मीच लावून टाकली. घट्ट बसते, हात दुखला.

आता बसून लिहितेय. इस्त्र्या तापतायत. जाडीला सकाळची हार पचलेली दिसत नाही, भिंत वाजवायला लागली आहे. दोन थापा, थांबून दोन. जुनी रीत बरी आठवतेय बाईला. सून इस्त्री हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "सासूबाई, भिंत वाजतेय." मी म्हटलं, "वाजू दे."

अजून वाजतेय. आज जोरात आहे.

सून म्हणते, "बघून येऊ का?" मी म्हटलं, कॉलर जळेल तुझी.

आता हळू झाली. मध्ये मध्ये एकच थाप. थकली म्हातारी.

थांबली. बरं झालं. पहिल्यांदा ती हरली, मी नाही.

१९ तारीख, मंगळवार

लिहायचं नव्हतं. पण हात रिकामा राहत नाही.

त्या संध्याकाळी टकळी दिसेना. सुनेला वाटलं मुलाबरोबर कपडे पोचवायला गेली. मुलगा एकटा आला. अंगणात उभं राहून हाका मारल्या. तिकडून भिंतीपलीकडे लांब्याची आई त्याला हाका मारत होती. आमची हाक संपली की त्यांची, त्यांची संपली की आमची. मला काही कळलं नाही. सुनेला कळलं. तिच्या हातातून टोपली पडली आणि ती मधल्या खोलीकडे धावली. कडी निघेना, मुलानं हातोड्यानं काढली. आमचं दार उघडलं आणि त्याच वेळी पलीकडचं कुलूप निघालं. दोन दारं एकदमच उघडली. या दारात मी, त्या दारात जाडी. इतक्या जवळून मी तिला कितीतरी वर्षांनी पाहिलं.

दोघं मागच्या भिंतीला टेकून होती. तो तिच्यापुढे आडवा, जसं कुणी दाराशी झोपतं तसा. घमेल्यात निखाऱ्यांची पांढरी राख. थंडी वाजते म्हणून आणत असणार ती, आमच्या शेगडीतले. पूर्वी तिच्या बाजूचं दार नुसतं ओढलेलं असायचं, त्याच्या बाजूचं कुलूप नुसतं अडकवलेलं. वरून झरोका होता. हवा होती.

टकळीच्या एका पायात चप्पल नव्हती. ती हातात होती.

दोघांना वेगवेगळ्या वेळी नेलं, दोन्ही घरची माणसं वाटेत समोरासमोर यायला नकोत म्हणून. जिवंतपणी जे जमवलं ते मेल्यावरही जमवलं.

२० तारीख, बुधवार

फौजदार आले होते. तरुण आहेत, बूट बाहेर काढून आत आले. खोली पाहिली. विचारलं, "दारं कशी होती?"

माझा मुलगा म्हणाला, "नुसती लोटलेली होती."

मी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. हातोडा कोपऱ्यातच पडला होता.

फौजदार म्हणाले, "पलीकडेही तेच सांगितलं. दारं लोटलेली, झरोके जुनेच बंद." त्यांनी कागदावर काही लिहिलं. म्हणाले, "घरचे मान्य करणार नाहीत हे दोघांना ठाऊक होतं. दार लोटून घेतलं, निखारे ठेवले. दोघांनी मिळून जीव दिलेला दिसतो. असं फार बघतो आम्ही. पुढच्या आठवड्यात कागद पूर्ण करतो, तुमच्या सह्या घ्यायला बोलावतो."

मुलानं मान हलवली. लाल मोज्यानंतर दोन्ही घरांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं.

मला विचारलं, "आजीबाई, तुम्हाला काही सांगायचंय?" मी म्हटलं, "म्हातारीला काय विचारता."

सून भांडी घासत होती. पाणी तसंच वाहू दिलं तिनं.

२२ तारीख, शुक्रवार

विचार केला. रीतसर करते, कपडे निवडतात तसा, ढीग वेगळे.

लांब्या. मुलगा म्हणून पुढाकार त्याचा असणार. नमस्कार करून फसवतात ही माणसं. टकळी. निखारे तिनं नेले. अर्धवट पेटलेला कोळसा डोक्यात चढतो हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत आहे. जाडीचा मुलगा. त्या दुपारी उघडं कुलूप त्यानं दाबलं असणार, मुकाट्यानं, आत न बघता. त्यांच्या विटा. आमची फळी. पण फळी माझ्या मुलानं ठोकली, शिडीवर तोच होता. सून. तिची पोर रोज कुठे जाते हे आईला कळू नये? आणि ते दोघे म्हातारे, जे मोज्यावरून भांडले आणि निघून गेले निवांत.

सगळे ढीग झाले. एक कपडा उरतो. तो कुठल्या ढिगात टाकावा कळत नाही, म्हणून हातातच धरून बसले आहे.

रस्त्यात बायका हळहळतात. म्हणतात, काय प्रेम असेल, बरोबर गेली. ऐकायला बरं वाटतं. कुणालाच काही करावं लागत नाही.

२५ तारीख, सोमवार

सून त्या गुरुवारपासून मला हाक मारत नाही. सासूबाई नाही, अहो नाही, काही नाही. ताट समोर ठेवते आणि जाते. आज इस्त्री करत होती, गिऱ्हाइकाचा सदरा. करता करता थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"जीव द्यायचा असता तर भिंत कशाला वाजवली असती?"

मी म्हटलं, "फौजदारांना काय ते कळतं."

"फौजदारांना भिंत ऐकू आलेली नाही. तुम्हाला आली. मला आली." मग इस्त्री ठेवली. "मी विचारलं तुम्हाला. दोनदा विचारलं. मी न विचारता जायला हवं होतं. इतकी वर्षं तुम्हाला विचारायची सवय लागली मला."

सदऱ्याला डाग पडला. पहिल्यांदा तिच्या हातून कपडा जळला. ती म्हणाली, "उद्या सगळे म्हणतील, तिला जगायचं नव्हतं. ती वाजवत होती. हात दुखेपर्यंत वाजवत होती माझी पोर. तिनं आजीनं शिकवलं तसंच वाजवलं. कारण तिला वाटलं, आजी ऐकेल."

रडली नाही. ती रडली असती तर मी तिला गप्प करू शकले असते.

मुलगा संध्याकाळी म्हणाला, "उद्या सह्या आहेत. कुणी काही नवीन काढू नका. कडीचं निघालं तर लाँड्री बंद पडेल, माणसं तुरुंगात जातील. पोर तर परत येत नाही."

परत येत नाही हे खरं. पण खोटं म्हणून का जावं तिनं?

२६ तारीख, मंगळवार

आधी जाडीकडे गेले. अंगणाच्या भिंतीला दार नाही, म्हणून रस्त्यानं वळसा घालून. उंबऱ्यातच तिचा मुलगा आडवा आला. म्हणाला, "इथे कशाला?" मी म्हटलं, "तुझ्याशी बोलायला आलेले नाही, तुझी आई जिवंत आहे अजून."

जाडी खुर्चीत होती. जाडी राहिलेली नाही. अंगावरचं कापड खुर्चीवर वाळत घातल्यासारखं. बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले.

"ऐकलं होतंस?" मी विचारलं.

तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "ऐकलं. मला वाटलं तू आहेस."

"मलाही वाटलं तू आहेस."

"धाकटी सून म्हणाली, जाऊन बघते. मी म्हटलं, वाजू दे."

मी पण तेच म्हटलं होतं, हे तिला सांगितलं नाही. तिला कळलं. आम्ही एकाच पाण्यात इतकी धुणी धुतलेली, तेवढं कळतं.

मग मी म्हटलं, "आज सह्या आहेत. पोरांनी जीव दिला असं लिहिलंय. मी नाही म्हणून सांगणार आहे. कडी मी लावली, न वाजवता लावली, आणि थाप ऐकून बसून राहिले. तू तुझं बघ."

"कुलूप माझ्या मुलानं लावलं," ती म्हणाली. "त्याला अडकवतील."

"तुझ्या मुलाला कुणी शिकवलं, आत न बघता लावायला?"

तिचा मुलगा मध्ये काही बोलायला गेला. ती म्हणाली, "तू गप. तुला मी सांगितलं होतं, ते दार रोज तपासत जा, त्यांच्या पोरी डोकावतात म्हणून. मी सांगितलं होतं." मग माझ्याकडे वळली. "तुझ्याबरोबर चालणार नाही मी. तू पुढे हो."

मी पुढे झाले. रस्त्याच्या या कडेनं मी, त्या कडेनं ती, काठी टेकत. मध्ये गाड्या. माणसं बघत होती, आज भांडण कुठे म्हणून.

चौकीवर माझा मुलगा सही करायला बसलेलाच होता. मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. फौजदारांना सांगितलं, "लिहा. दार लोटलेलं नव्हतं. आमच्या बाजूची कडी मी लावली. झरोका बुजवायला मी सांगितलं. पोरांनी भिंत वाजवली, दोन थापा, थांबून दोन, म्हणजे आत अडकलोय, काढा. ती आम्हाला दोघींना ऐकू आली. आम्ही उठलो नाही. पोरांनी जीव दिलेला नाही. त्यांना बाहेर यायचं होतं."

मुलगा म्हणाला, "साहेब, आईचं वय झालंय, मनावर परिणाम झालाय."

मी म्हटलं, "परिणाम झाला असता तर कालच बोलले असते."

फौजदार म्हणाले, "आजीबाई, हे लिहिलं तर तुमच्यावर येईल."

"यावंच."

"वयाकडे बघून तुम्हाला कदाचित..."

"कडी लावताना वय आडवं आलं नव्हतं."

तेवढ्यात जाडी आत आली. कुणी विचारायच्या आत म्हणाली, "ही सांगते ते खरं आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझंही लिहा." आणि खुर्ची मागितली. एकच रिकामी होती. तीच बसली, आणि बसून जरा बाजूला सरकली. मी उभी राहिले. सरकली ते मात्र पाहिलं मी.

फौजदारांनी जुना कागद फाडला. पुढे काय होईल ते कळवतील म्हणाले. होऊ दे.

२९ तारीख, शुक्रवार

घरात मुलगा बोलत नाही. हॉटेलचा माल परत गेला. त्याचं म्हणणं, मी घर बुडवलं. असेल. भिजलेला कपडा बुडवला काय आणि नाही काय.

सून आज म्हणाली, "सासूबाई, जेवून घ्या." माफ केलं असं नाही. जेवून घ्या एवढंच. मी जेवले.

वहीत मागची पानं चाळली. टकळी माझं लिहिलेलं पेन्सिलीनं सुधारत असे, कडेला बारीक अक्षरांत. शेवटची खूण बुधवारची, तेराव्या तारखेची. मी "गुणी" लिहिताना वेलांटी चुकले होते, ती तिनं नीट केली होती. त्यापुढच्या पानांच्या कडा कोऱ्या, तिच्या खुणांशिवाय. चौदा तारखेचं पान दोनदा वाचलं. अक्षर चांगलं आलंय त्या दिवशी. थकली म्हातारी, असं लिहिलंय.

१ तारीख, सोमवार

नमस्कार.

मधल्या खोलीची दोन्ही दारं आज बिजागऱ्यांतून काढली. आमचं मुलानं काढलं, तोंड वाकडं करून. त्यांचं जाडीच्या मुलानं. दोघांनी एकमेकांना हात लावला नाही, पण हातोडा एकच होता, तो इकडून तिकडे गेला. फळी काढली, विटा काढल्या. खोलीत उजेड आला. एवढी लहान खोली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी आत पाऊल टाकलं. शपथेचं काय होईल ते होवो. मागच्या भिंतीवर चपलेच्या खुणा आहेत, खाली खाली उतरत गेलेल्या. जाडीचा मुलगा चुना घेऊन आला. मी म्हटलं, चुना लावायचा नाही.

आता हे मी घरातल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे, आणि उद्या सून मोठ्यानं वाचून दाखवेल, इकडेही आणि अंगणाच्या भिंतीवरून तिकडेही.

कुणी येऊन पोरांबद्दल विचारलं तर सुनेला पुढे करायचं नाही, मुलाला पुढे करायचं नाही. त्यांना म्हणायचं, म्हातारीला विचारा, आणि मला झोपेतून उठवायचं. मी नसले तर जाडीला. ती नसली तर हे पान दाखवायचं.

आणि मी आधी जे सांगितलं होतं ते रद्द. भिंत वाजली तर उत्तर द्यायचं. ज्याच्या कानावर पहिली थाप पडेल त्यानं द्यायचं, मग तो पाहुणा असो, गिऱ्हाईक असो, नाहीतर कपडे टाकायला आलेला परका. मला विचारायचं नाही. कपडा जळत असेल तर जळू द्यायचा. कुणी वाजवली, कशाला वाजवली, खेळायला की भांडायला, ते नंतर. आधी दोन थापा परत द्यायच्या आणि उठायचं.